एकवीस अंकांची एक संख्या



राजांच्या आणि लढायांच्या हकीकती आपण पुष्कळ ऐकल्या असतील. आज मी आपणांस एका संख्येची हकीकत सांगणार आहें. संख्येला कसला आला आहे इतिहास, असें कोणी म्हणेल. पांच आणि सात बारा हें युक्लिडाच्या काळीं खरें होतें, आज खरें आहे, आणि उद्यांहि तें खरेंच राहणार. त्यांत घडावयाचें तें काय? हें म्हणणें बरोबर आहे. संख्या आपली जागा सोडीत नाहीं. परंतु तिच्याविषयींची माणसांची समजूत मात्र बदलते, कधीं चुकते, कधीं सुधारते. आणि त्या चुकण्यासुधारण्याला सन असतो, गांव असतें, माणसें असतात. आजच्या संख्येच्या बाबतींत हा प्रकार दोनशें एकोणसाठ वर्षें चालला होता.

ती संख्या ही: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. नभोवाणीवरून असली संख्या वाचून दाखविणें हें वक्त्याला आणि श्रोत्याला सारखेंच जाचक. ज्यांच्या हाताशीं कागद असेल त्यांनीं ती दोन दोन अंकांनीं लिहून घ्यावी: चौदा, पंचाहत्तर, त्र्याहत्तर, पंचाण्णव, पंचवीस, एकोणनव्वद, सदुसष्ट, चौसष्ट, बारा, आणि शेवटीं नऊशें सत्तावीस. भास्कराचार्यांनीं लीलावतींत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत; ही संख्या त्या अठरांच्याहि पलीकडे तीन स्थानें जाते. परार्धाच्या मापानें बोलावयाचें तर ती चौदाशें पंचाहत्तर परार्धांहून कांहींशी अधिक भरते. परंतु दुसऱ्या एका रीतीनें ती अगदीं थोडक्यांत सांगतां येते: २ चा ६७ वा घात घ्या, आणि त्यांतून एक वजा करा.

या संख्येकडे लोकांचें लक्ष कां गेलें हें समजण्यासाठीं ग्रीक लोकांपर्यंत मागें जावें लागतें. जिला एक व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें निःशेष भाग जात नाहीं तिला आपण मूळ संख्या म्हणतों; २, ३, ५, ७, ११ या तशा आहेत. एक सोडून बाकीच्या सर्व संयुक्त. ही वर्गवारी शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असते. ग्रीकांनीं आणखी एक वर्गवारी केली होती. एखाद्या संख्येचे तिच्याहून लहान असे सर्व भाजक घेऊन त्यांची बेरीज करावी. ती त्या संख्येइतकीच भरली तर ती संख्या परिपूर्ण, कमी भरली तर न्यून, जास्त भरली तर अधिक. ६ चे भाजक १, २ व ३. त्यांची बेरीज ६. म्हणून ६ परिपूर्ण. ८ चे १, २ व ४ मिळून ७ च होतात, म्हणून ८ न्यून. १२ चे १, २, ३, ४ व ६ मिळून १६ होतात, म्हणून १२ अधिक. इसवी सन १०० च्या सुमारास निकोमॅकस नांवाच्या लेखकानें या वर्गांना स्वभावहि चिकटविले. अधिक संख्या म्हणजे त्याच्या मतें फाजील अवयवांचा प्राणी, न्यून म्हणजे अवयवांत उणा असलेला, आणि परिपूर्ण म्हणजे सद्गुणाचा नमुना. गणितांत असलें नीतिशास्त्र आणण्याचें कांहीं कारण नव्हतें. मौज एवढीच कीं, मराठींत आपण भाजकाला अवयवच म्हणतों, त्यामुळें निकोमॅकसची उपमा आपल्या भाषेंत आयतीच बसून गेली आहे.

परिपूर्ण संख्या फार दुर्मिळ. प्राचीन ग्रीकांना ६, २८, ४९६ व ८१२८ या चारच ठाऊक होत्या. त्या बनविण्याची रीत युक्लिडानें आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडाच्या अगदीं शेवटीं दिली आहे. १, २, ४, ८ अशी दुपटीची माळ घ्यावी, मण्यांची बेरीज करीत जावें, आणि बेरीज मूळ संख्या आली कीं तिला शेवटच्या मण्यानें गुणावें. १, २ व ४ यांची बेरीज ७. ७ ही मूळ. तिला ४ नीं गुणलें कीं २८. १ पासून १६ पर्यंतच्या मण्यांची बेरीज ३१; तिला १६ नीं गुणलें कीं ४९६. आतां ही बेरीज पुढल्या मण्याहून नेहमीं एकानें कमी येते हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. म्हणून परिपूर्ण संख्यांचा हा सारा शोध एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो: २ च्या कोणकोणत्या घातांतून एक वजा केला असतां मूळ संख्या उरते?

या प्रश्नाला ज्याचें नांव कायमचें चिकटलें तो मारें मर्सेन (१५८८–१६४८) हा पॅरिस येथील एक यति होता. त्याच्या मिनिम पंथाला मांस, अंडीं, दूध, लोणी हें सर्व वर्ज्य असे. त्या काळीं शास्त्रीय नियतकालिकें नव्हतीं. मर्सेनची मठांतील खोली हेंच तें नियतकालिक म्हटलें तरी चालेल. देकार्त, फर्मा यांच्यासारखे पंडित आपले शोध त्याला पत्रानें कळवीत, आणि तो ते इतरांना कळवी. १६४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लॅटिन ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यानें असें विधान केलें कीं, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकीं २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ या अकरांपासूनच मूळ संख्या मिळते, इतर कोणापासूनहि नाहीं.

यांतील पहिल्या सातांविषयीं शंका नव्हती. १९ पर्यंतचें काम बोलोन्याच्या कातालदी यानें १६०३ सालीं छापून प्रसिद्ध केलें होतें. उरलेल्या चारांना आधार काय? सिद्धता मर्सेननें दिली नाहीं. उलट, पंधरा-वीस अंकांची एखादी संख्या मूळ आहे कीं नाहीं हें ठरविण्यास सारा काळहि पुरावयाचा नाहीं, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. आणि त्याच्या यादींतील शेवटची संख्या तर ७८ अंकांची आहे! त्यानें या संख्या एकामागून एक तपासल्या असतील हें मला संभवनीय वाटत नाहीं. परंतु ज्याच्या हातांवरून युरोपांतील पंडितांचा पत्रव्यवहार जात असे तो माणूस उगाच बोलत नसेल, असा पुढील पिढ्यांचा समज झाला. आणि ‘उगाच बोलत नसेल’ या तीन शब्दांच्या आधारावर ती यादी दोन शतकांहून अधिक काळ टिकून राहिली.

तपासणीचें साधन मात्र मर्सेनच्या हातीं आधींच आलेलें होतें. १६४० सालीं फर्मानें त्यालाच पत्रानें कळविलें होतें कीं, घातांक स्वतः संयुक्त असेल तर त्यापासून होणारी संख्याहि संयुक्त असते. आणि घातांक मूळ असेल तर तिचा प्रत्येक अवयव हा घातांकाच्या दुपटीच्या कोणत्या तरी पटीहून बरोबर एकानें मोठा असतो. ११ वा घात घ्या: २०४८, उणें एक, २०४७. हिचा अवयव २२ च्या पटीहून एकानें मोठा हवा. अशी पहिलीच संख्या २३, आणि तिनें भाग जातो. दुसरा अवयव ८९, म्हणजे २२ ची चौपट अधिक एक. ऑयलरनें या नियमाला आणखी धार लावली, आणि १७७२ सालीं ३१ व्या घातापासून होणारी २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचें दाखविलें. तिचा अवयव असलाच तर त्याला २४८ नीं भागून १ किंवा ६३ हीच बाकी उरली पाहिजे, एवढें ठरल्यावर फार तर ३७२ भागाकारांचें काम उरतें. या सुमारास त्याची दृष्टि जवळजवळ गेलेली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ३७२ ही संख्याहि लहान वाटत नाहीं. पुढें १८११ सालीं पीटर बार्लो या इंग्रज गणित्यानें लिहिलें कीं, ऑयलरच्या या शोधामुळें मिळालेली परिपूर्ण संख्या हीच सर्वांत मोठी ठरेल. कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हत, आणि त्यापुढें जाण्याच्या खटपटींत कोणी पडेल असें वाटत नाहीं. माणसाच्या कुतूहलाचा हिशेब बार्लोसाहेबांना जमला नाहीं.

मर्सेनच्या यादींत ३१ च्या पुढें लगेच ६७ येते, आणि येथें भागाकाराची वाट अक्षरशः बंद होते. ६७ ची दुप्पट १३४. तेव्हां प्रत्येक अवयव १३४ च्या पटीहून एकानें मोठा. शिवाय त्याला ८ नीं भागलें असतां बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. हे दोन्ही निर्बंध लावूनहि, आज आपणांस ठाऊक असलेल्या लहान अवयवापर्यंत पोंचण्यास ७,२२,७९० उमेदवार तपासावे लागतात. त्यांतून ३ व ५ यांच्या पटी वगळल्या तरी सुमारें ३ लक्ष ८५ हजार उरतात. एकवीस अंकांना नऊ अंकांनीं हातानें भागण्यास दहा मिनिटें धरा. रोज आठ तास काम केलें तरी आठ हजार दिवस हवेत. हा आंकडा लक्षांत ठेवावा; पुढें तो उपयोगी पडणार आहे.

ही कोंडी फोडणारा एदुआर ल्यूका (१८४२–१८९१) हा फ्रेंच शिक्षक होता. १८७० च्या युद्धांत तो तोफखान्यावर अधिकारी होता. पुढें त्यानें पॅरिसमधील विद्यालयांतून गणित शिकविलें. १८८३ सालीं त्यानें टोपण नांवानें एक खेळणें बाजारांत आणलें: तीन खुंट्या आणि भोंकें पाडलेल्या लहानमोठ्या चकत्या, एका वेळीं एकच चकती हलवावयाची, मोठी लहानीवर ठेवावयाची नाहीं, आणि सगळा ढीग दुसऱ्या खुंटीवर न्यावयाचा. काशीच्या एका देवळांत ब्राह्मण सोन्याच्या ६४ चकत्या अशा रीतीनें अहर्निश हलवीत बसले आहेत आणि तें काम संपलें कीं जग संपणार, अशी एक दंतकथा या खेळण्याबरोबर युरोपभर पसरली. ती फ्रान्सांतच तयार झाली होती हें निराळें सांगावयास नको. परंतु आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें त्या खेळाचा एक गुण सांगण्यासारखा आहे: चकत्या ६४ ऐवजीं ६७ घेतल्या तर कमींत कमी जितक्या खेळी लागतात ती संख्या नेमकी आपलीच होय. सेकंदाला एक खेळी केली तरी सुमारें ४ लक्ष ६७ हजार कोटि वर्षें लागतील.

ल्यूकाची खरी कामगिरी त्याआधीं सात वर्षांची, १८७६ ची आहे. अवयव शोधल्यावांचूनच संख्या मूळ कीं संयुक्त हें सांगणारी कसोटी त्यानें काढली. डेरिक हेन्री लेमर या अमेरिकन गणित्यानें १९३० सालीं तिला जें सुटसुटीत रूप दिलें तें असें. ४ पासून आरंभ करावा. त्याचा वर्ग करून २ वजा करावे, आणि जें येईल त्याला तपासावयाच्या संख्येनें भागून बाकी ठेवावी. तीच क्रिया बाकीवर पुन्हां करावी. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळां हें झालें म्हणजे शेवटची बाकी पाहावी: शून्य असेल तर संख्या मूळ, नसेल तर संयुक्त. ३१ घ्या, तिचा घातांक ५, म्हणून क्रिया तीन वेळां. ४ चा वर्ग १६, उणें २, १४. १४ चा वर्ग १९६, उणें २, १९४; ३१ नीं भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, उणें २, ६२. ३१ नीं भागून बाकी शून्य. ३१ मूळ ठरली. २०४७ घेतली तर नऊ वेळां क्रिया करून शेवटीं १७३६ उरतात. म्हणजे ती संयुक्त, आणि हें कळण्यास २३ किंवा ८९ यांची गांठ पडावी लागली नाहीं.

अशाच प्रकारच्या कसोटीनें ल्यूकानें १८७६ सालीं दोन निकाल दिले. १२७ व्या घातापासून होणारी ३९ अंकांची संख्या मूळ आहे, हा एक. आणि ६७ व्या घाताची, आपली एकवीस अंकांची, संयुक्त आहे, हा दुसरा. पहिल्यानें मर्सेनचें म्हणणें राखलें, दुसऱ्यानें त्याच्या यादीला पहिला तडा गेला.

या दोन निकालांचें वजन सारखें नव्हतें, आणि माझ्या मतें या सर्व कथेंतील मर्म येथेंच आहे. लांबलचक आंकडेमोडीच्या अखेरीस नेमकें शून्य उरलें तर तें योगायोगानें उरलें असेल असें सहसा कोणी म्हणणार नाहीं. वाटेंत एक अंक जरी चुकला असता तरी शून्य आलें नसतें. उलट, शून्याऐवजीं दुसरें कांहीं उरलें, तर त्याचीं कारणें दोन असूं शकतात: एक, संख्या संयुक्त आहे, दुसरें, हिशेब करणाराचा हात कोठें तरी चुकला आहे. पांसष्ट वेळां एकवीस अंकांचा वर्ग करावयाचा आणि पुन्हां भागावयाचें, हें काम एकट्या माणसानें कागदावर केलेलें. ‘संयुक्त’ हा निकाल कसोटीनें दिला खरा, परंतु तो मानावयाचा तर त्या हिशेबावर विश्वास ठेवावयाचा. म्हणजे मर्सेनच्या शब्दावरील विश्वास काढून तो ल्यूकाच्या बेरीज-वजाबाकीवर ठेवावयाचा. अवयव पुढें आल्यावांचून हा विश्वासाचा प्रश्न मिटणारा नव्हता.

दरम्यान यादीला दुसरा धक्का बसला. १८८३ सालीं इवान पेर्वूशिन या रशियांतील एका खेडेगांवच्या धर्मोपदेशकानें ६१ व्या घातापासून होणारी संख्या मूळ असल्याचें सिद्ध केलें; आणि ६१ तर मर्सेनच्या यादींत नव्हताच. त्यावर मर्सेनचे कैवारी म्हणूं लागले कीं, यतीनें ६१ च लिहिलें असावें आणि छापणारानें ६७ जुळविलें असावें. खिळे जुळविणारा बिचारा अशा वेळीं सर्वांच्याच उपयोगी पडतो. पुढें १९११ त ८९ आणि १९१४ त १०७ हेहि यादींतून सुटलेले घातांक सांपडले, तेव्हां हा बचाव आपोआपच मावळला.

आतां १९०३ सालीं न्यूयॉर्क येथें जाऊं. फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) हे कोलंबिया विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे चिटणीस होते. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं सोसायटीच्या सभेंत त्यांचा ‘मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयीं’ अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध होता. प्रसिद्ध कथा अशी कीं, कोल मुकाट्यानें फळ्याकडे गेले, त्यांनीं २ चा ६७ वा घात काढला, त्यांतून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागावर १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या दोन संख्या लिहून त्यांचा साध्या शाळेंतल्या रीतीनें गुणाकार केला. दोन्हीं उत्तरें एक आलीं. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि कोल एक शब्दहि न बोलतां जागेवर येऊन बसले. पुढें, याला किती वेळ लागला असें विचारल्यावर त्यांनीं सांगितलें म्हणे, ‘तीन वर्षांचे रविवार.’

कथा फार सुरेख आहे, आणि म्हणूनच ती तपासून घेतली पाहिजे. ती सांगणारे एरिक टेम्पल बेल हे कोल यांचेच शिष्य. परंतु १९०३ सालीं ते वीस वर्षांचे असून न्यूयॉर्कपासून हजारों मैल दूर कॅलिफोर्नियांत शिकत होते. सभेंत ते नव्हते. रविवारांची गोष्ट आपण कोल यांच्याच तोंडून १९११ सालीं ऐकली असें त्यांनीं म्हटलें आहे. आणि हें सर्व त्यांच्या पुस्तकांत छापून आलें तें १९५१ सालीं, सभेनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनीं. बेल हे गोष्ट रंगवून सांगण्याबद्दल प्रसिद्धच होते. तेव्हां त्या मौनाची आणि टाळ्यांची शपथ मी घेणार नाहीं. शपथ घेण्यासारखी वस्तु निराळी आहे: सोसायटीच्या नियतकालिकांत त्याच वर्षाच्या डिसेंबरांत छापलेला चार पृष्ठांचा निबंध. तो १३४ व्या पृष्ठावर सुरू होतो. आपल्या संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटीहून एकानें मोठा असतो हें आपणांस आठवत असेलच. हा निव्वळ योगायोग, परंतु गणित्यांना असल्या योगायोगांची मोठी हौस असते.

रविवारांचें मात्र मी खरें मानावयास तयार आहें, आणि त्याला आधार मघांच्या हिशेबाचा. तीन वर्षांचे रविवार म्हणजे सुमारें १५६ दिवस. नुसते भागाकार करीत बसलें तर लागणारे दिवस आठ हजार. आठ हजार रविवार म्हणजे दीडशें वर्षांहून अधिक झालीं. म्हणजे कोल भागाकार करीत बसले नव्हते. त्यांच्याजवळ चाळण होती. तिचें तत्त्व असें. एखाद्या पूर्ण वर्गाला आपल्या संख्येनें भागून एखादी लहान बाकी उरली, तर आपल्या संख्येच्या प्रत्येक अवयवाच्या बाबतींतहि ती बाकी कोणत्या तरी वर्गाचीच असावी लागते. परंतु कोणतीहि ठराविक लहान संख्या ही साधारणपणें निम्म्याच मूळ संख्यांच्या बाबतींत वर्गाची बाकी असते. उरलेल्या निम्म्या मूळ संख्या उमेदवारींतून एकदम बाद होतात. सर्वांत सोपें उदाहरण २ चें. २ चा ६८ वा घात हा ३४ व्या घाताचा वर्ग आहे. आणि त्याला आपल्या संख्येनें भागलें असतां बाकी नेमकी २ उरते. त्यावरूनच, अवयवाला ८ नीं भागून १ किंवा ७ उरावे, हा मघांचा निर्बंध निघतो. अशा एका बाकीनें उमेदवार निम्मे होतात. दहा निरनिराळ्या बाक्या मिळविल्या कीं हजारांत एक उरतो. बाक्या शोधणें हेंहि कष्टाचेंच काम; परंतु तें रविवारीं रविवारीं करतां येण्यासारखें आहे.

कोल यांचा गुणाकार ज्यांना घरीं करून पाहावयाचा नसेल त्यांनीं निदान नवाचा ताळा पाहावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, तिच्या अंकांची १०, शेवटीं १. दुसऱ्याच्या अंकांची ६४, पुन्हां १०, पुन्हां १. एका एकें एक. आणि आपल्या एकवीस अंकांची बेरीज १०९, त्यावरून १०, त्यावरून १. ताळा जुळला. ताळा जुळणें म्हणजे सिद्धता नव्हे हें आपले जुने पंतोजीहि जाणत; परंतु कोल यांच्या उत्तराचा मोठेपणा हाच कीं, तें तपासण्यास कोणाच्या बुद्धीवर किंवा कीर्तीवर विश्वास ठेवावा लागत नाहीं. गुणाकार येणारा कोणताहि शाळकरी मुलगा एका दुपारीं मर्सेनला खोटा आणि ल्यूकाला खरा ठरवूं शकतो.

अवयव हातीं आल्यावर आपल्या संख्येच्या साऱ्या वर्गवाऱ्या एका क्षणांत उलगडतात. ती दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. तिच्याहून लहान असे भाजक तीनच, एक आणि ते दोन अवयव. त्यांची बेरीज ७६२०३१९६५००९, म्हणजे संख्येच्या मानानें नगण्य. निकोमॅकसच्या भाषेंत ती अत्यंत न्यून ठरते. गंमत पुढेंच आहे. ६७ वरून युक्लिडाच्या रीतीनें जी ४१ अंकांची संख्या होते ती मर्सेनच्या हिशेबीं परिपूर्ण व्हावयाची. ते दोन अवयव निघाल्यामुळें तिच्या भाजकांची बेरीज वाढली, आणि ती ‘अधिक’ वर्गांत जाऊन पडली. आणखी एक वर्ग आपल्या इकडचा आहे. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं, जिला तिच्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो अशा संख्येला ‘हर्षद’ असें नांव दिलें. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज १०९. परंतु तिचे अवयव तर दोनच, आणि १०९ त्यांत नाहीं. तेव्हां ती हर्षदहि नव्हे, आणि हें सांगण्यास आतां भागाकाराचीहि गरज पडत नाहीं.

मर्सेनची यादी पूर्णपणें तपासून झाली ती १९४७ सालीं. ६७ आणि २५७ तिच्यांत चुकून आले होते. ६१, ८९ व १०७ चुकून राहिले होते. अकरांत दोन खोटे आणि तीन विसरलेले, हा हिशेब एखाद्या परीक्षार्थ्याला शोभण्यासारखा नाहीं. तरीहि या जातीच्या संख्यांना आज सारें जग मर्सेनच्याच नांवानें ओळखतें, आणि मला त्यांत अन्याय दिसत नाहीं. त्यानें चुकीचें उत्तर देऊन प्रश्न जिवंत ठेविला. कोल यांचेंहि नांव राहिलें आहे. चिटणिसाच्या कामावरून ते निवृत्त झाले तेव्हां स्नेह्यांनीं दिलेला निधि त्यांनीं सोसायटीलाच देऊन टाकला, आणि त्यांतून बीजगणित व संख्याशास्त्र यांसाठीं त्यांच्या नांवाचें पारितोषिक १९२८ पासून देण्यांत येऊं लागलें.

ज्या कामाला तीन वर्षांचे रविवार लागले तें आजचें गणकयंत्र पापणी लवण्याच्या आंत करतें. ऑक्टोबर १९५२ च्या आधींच यंत्रांनीं ५२१ वा घात ओलांडला होता. २०२४ सालीं १३६२७९८४१ व्या घातापासून होणारी चार कोटींहून अधिक अंकांची मूळ संख्या सांपडली. मूळ आहे कीं संयुक्त हें सांगणें अशा रीतीनें सोपें होत गेलें. अवयव पाडणें मात्र त्या मानानें सोपें झालें नाहीं. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणें सुलभ, परंतु गुणाकारावरून त्या ओळखणें दुर्घट, याच अंतरावर रिव्हेस्ट, शामीर व ॲडलमन यांनीं १९७७ सालीं गुप्त लेखनाची एक पद्धति उभारली, आणि बार्लोसाहेबांनीं निरुपयोगी ठरविलेल्या विद्येचा सरकारांना आणि पेढ्यांना उपयोग होऊं लागला.

यंत्रांनाहि न सुटलेलें कोडें पाहावयाचें असेल तर २ चा १२७७ वा घात घ्या, आणि एक वजा करा. ही ३८५ अंकांची संख्या संयुक्त आहे हें निश्चित ठरलेलें आहे. परंतु २०२४ सालापर्यंत तिचा एकहि अवयव कोणाच्या हातीं लागलेला नव्हता. १८७६ पासून १९०३ पर्यंत सत्तावीस वर्षें आपली एकवीस अंकांची संख्या ज्या स्थितींत होती त्याच स्थितींत ही आहे. फरक एवढाच कीं, हिचा अवयव १३४ च्या नव्हे, तर २५५४ च्या पटींत एक मिळवून शोधावा लागतो.